मागितले नाही म्हणून दिले नाही: मोफत कायदेसाह्याचा डांगोरा आणि कोर्टातला एकटा श्रमिक

दरवर्षी ९ नोव्हेंबरला देशभरातील न्यायालयांच्या आवारांत ‘विधी सेवा दिन’ साजरा होतो. व्यासपीठावर न्यायाधीश बसतात, जिल्ह्याचे अधिकारी बसतात, वकील संघाचे पदाधिकारी बसतात, आणि दारिद्र्यामुळे कोणीही न्यायापासून वंचित राहणार नाही अशी ग्वाही भाषणाभाषणांतून दिली जाते. १९९५ साली याच दिवशी विधी सेवा प्राधिकरण कायदा अंमलात आला. तो कायदा संसदेने १९८७ सालीच मंजूर केला होता, आणि गरिबाला वकील देण्याचा कायदा पुस्तकातून बाहेर काढायला सत्ताधाऱ्यांना आठ वर्षे लागली, ही गोष्ट मात्र त्या व्यासपीठावरून कोणी सांगत नाही.

त्याच आवारात, त्या मांडवापासून हाकेच्या अंतरावर, समन्सचा कागद हातात घेऊन उभा असलेला माणूस कोणाच्या खिजगणतीत नसतो. कधी तो घर खाली करण्याचा दावा लागलेला भाडेकरू असतो. कधी कर्ज देतानाच सही करून घेतलेल्या कोऱ्या चेकपायी आरोपी ठरलेला रिक्षाचालक. कधी नवऱ्याने टाकलेली बाई. कधी थकलेला पगार मागितला म्हणून कामावरून काढलेला हेल्पर. वकिलाची फी त्याच्यापाशी नाही. कागदावरची तारीख तेवढी त्याला कळते, तीही कोणी वाचून दाखवली तर. दिवाणी दाव्यात समन्स पोचल्यापासून तीस दिवसांत लेखी कैफियत द्यावी लागते, आणि नव्वद दिवस उलटले की पुढे सारा न्यायालयाच्या मर्जीचा कारभार. पैशाच्या वसुलीचा संक्षिप्त दावा असेल तर दहा दिवसांत हजेरी नोंदवावी लागते. न नोंदवली तर सावकाराचे म्हणणे जणू कबूलच केले असे धरून हुकूमनामा होतो. चेक परत गेल्याची नोटीस आली तर पैसे भरायला पंधरा दिवस. हे दिवस मोजायला त्याला कोणी शिकवलेले नाही. कोर्टातला कारकून ‘वकील लावा’ म्हणतो आणि मान खाली घालतो. आवाराबाहेर झाडाखाली बसलेला अर्ज लिहिणारा छापील मजकुरात नाव भरून देतो. कसेबसे पैसे जमवून तो एखाद्या वकिलाच्या दारात पोचतो, तोवर एकतर्फी हुकूमनामा होऊन बेलिफ दारात आलेला असतो.

वकिलाशिवाय कोर्टात जाण्याची पाळी आलेल्या या माणसाला मदत कोणी करावी, आणि कायदा ती मदत करू देतो का, हा खरा प्रश्न आहे. मोफत कायदेसाह्याच्या डांगोऱ्यात नेमका हाच प्रश्न बुडवला जातो.

आणीबाणीतले दान

समान न्याय आणि मोफत कायदेसाह्य यांची हमी देणारा ३९-अ हा अनुच्छेद मूळ राज्यघटनेत नव्हता. तो बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आला. ही दुरुस्ती संसदेने नोव्हेंबर १९७६ मध्ये मंजूर केली आणि ३ जानेवारी १९७७ पासून हा अनुच्छेद लागू झाला. त्या वेळी देशात आणीबाणी होती, हजारो माणसे ‘मिसा’खाली विनाचौकशी तुरुंगात होती, आणि २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने निकाल देऊन टाकला होता की या स्थानबद्धांना सुटकेसाठी कोर्टाचे दार ठोठावण्याचा हक्कच नाही. वेगळा निकाल देणारे एकटे न्या. हंसराज खन्ना. म्हणजे ज्या काळात वकील असूनही कोर्टात जाता येत नव्हते, त्याच काळात गरिबाला फुकट वकील देण्याचे वचन घटनेत लिहिले गेले. पुढे कायदेसाह्याचे अध्वर्यू म्हणून गाजलेले न्या. पी. एन. भगवती त्या दिवशी बहुमताच्या बाजूला होते, याचीही नोंद राहिली पाहिजे.

शिवाय वचन दिले तेही मार्गदर्शक तत्त्वांच्या प्रकरणात, म्हणजे ज्याच्या अंमलबजावणीसाठी कोर्टात जाता येत नाही अशा जागी. कोर्टात जाण्यासाठी मदतीचे तत्त्व, आणि त्या तत्त्वासाठी कोर्टात जाण्याची मनाई!

देशाला या बाबतीत काही पूर्वानुभव नव्हता असेही म्हणता येत नाही. १९५७ साली केरळात कॉ. ई. एम. एस. नंबुद्रिपाद यांच्या नेतृत्वाखाली पहिले कम्युनिस्ट मंत्रिमंडळ आले. त्यात कायदा खाते सांभाळणारे व्ही. आर. कृष्ण अय्यर यांच्या कारकिर्दीत, त्याच वर्षी, गरिबांना कायदेविषयक मदत देण्याचे नियम तयार झाले. तेच कृष्ण अय्यर पुढे सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती झाले. १९७३ साली केंद्र सरकारने नेमलेल्या त्यांच्या समितीने कायदेसाह्याचा सविस्तर आराखडा दिला. त्यानंतर कायदा व्हायला चौदा वर्षे आणि लागू व्हायला बावीस वर्षे गेली.

तुरुंगातून आलेला हक्क

या मधल्या काळात जे काही मिळाले ते सरकारच्या दातृत्वाने मिळाले नाही. कैद्यांच्या अर्जांनी आणि पत्रांनी मिळाले. १९७८ सालचे होस्कोट प्रकरण महाराष्ट्रातलेच. मुंबई उच्च न्यायालयाने १९७३ साली दिलेल्या निकालाविरुद्ध हा कैदी चार वर्षांहून अधिक उशिराने सर्वोच्च न्यायालयात पोचला. निकालाची नक्कल आपल्याला मिळालीच नाही असे त्याचे म्हणणे. तुरुंगाचे म्हणणे दिली होती. त्याचा स्वतःचा अर्ज फेटाळला गेला, पण त्या निमित्ताने दोन गोष्टी ठरल्या: कैद्याला निकालाची नक्कल फुकट मिळाली पाहिजे, आणि अपिलासाठी वकील करण्याची ऐपत नसेल तर सरकारने तो दिला पाहिजे. १९७९ साली हुसेनआरा खातून प्रकरणात बिहारच्या तुरुंगांतले कच्चे कैदी जगापुढे आले. गुन्हा शाबीत झाला असता तर जेवढी जास्तीत जास्त शिक्षा झाली असती, तिच्याहून अधिक काळ त्यांतले कित्येक जण खटला सुरू होण्याची वाट पाहत कोठडीत पडून होते. त्यांच्यासाठी जामीन मागायला कोणी उभा राहिला नव्हता, एवढाच त्यांचा अपराध.

पण या व्यवस्थेचे अंतरंग उघडे पडले ते १९८१ सालच्या खत्री प्रकरणात. भागलपूरला पोलिसांनी कच्च्या कैद्यांचे डोळे फोडून त्यांत ॲसिड ओतले होते. त्या आंधळ्या केलेल्या माणसांना दंडाधिकाऱ्यांपुढे नेण्यात आले तेव्हा त्यांना वकील का दिला नाही, या प्रश्नाचे जे उत्तर कागदोपत्री आले ते असे की त्यांनी मागितला नव्हता. वकील मागता येतो हे ज्याला कोणी सांगितलेच नाही, त्याने मागितले नाही म्हणून दिले नाही! सर्वोच्च न्यायालयाने ही सबब फेटाळली आणि हक्क आहे हे सांगण्याची जबाबदारी दंडाधिकाऱ्यावर टाकली. तरीही १९८६ साली अरुणाचल प्रदेशातील सुक दास प्रकरणात तीच सबब पुन्हा पुढे आली, आणि या वेळी तर गुवाहाटी उच्च न्यायालयाने ती मान्यही केली होती. आरोपीने अर्ज केला नाही, तेव्हा वकिलावाचून चाललेला खटला योग्यच, असा तो न्याय. सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली. पण या दोन्ही खटल्यांत एकाच मनोवृत्तीचे दर्शन घडते: हक्क कपाटात ठेवायचा, किल्ली लपवायची, आणि कपाट उघडले नाही म्हणून गरिबालाच दोष द्यायचा.

१९८३ सालचे शीला बारसे प्रकरण मुंबईच्या तुरुंगातील स्त्री-कैद्यांचे. एका पत्रकार स्त्रीच्या पत्रावरून न्यायालयाने चौकशी करविली. कोठडीत मारहाण झाल्याच्या तक्रारी तर त्यात होत्याच. शिवाय फीच्या नावाखाली दोन परदेशी स्त्री-कैद्यांचे जडजवाहीर आणि चीजवस्तू एका वकिलाने कशा लुबाडल्या, हेही अहवालात आले. तुरुंगातल्या असहाय माणसाला वकील मिळणे हेच केवळ पुरेसे नाही, कोणता वकील आणि त्याच्यावर कोणाची नजर, हेही तितकेच महत्त्वाचे आहे, याचा हा पुरावा सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रातच नमूद आहे.

आणि एवढे निकाल होऊन चाळीस वर्षे उलटल्यावरचे चित्र काय? सरकारच्याच आकडेवारीप्रमाणे २०२२ च्या अखेरीस देशातील ५ लाख ७३ हजार कैद्यांपैकी ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी होते. शंभरांतले पंचाहत्तर.

कलम १२ आणि लोकअदालतीचा गोडवा

१९८७ च्या कायद्याचे कलम १२ पक्षसभासदांपैकी किती जणांनी वाचले आहे? अनुसूचित जाती-जमातींची माणसे, स्त्रिया, मुले, अपंग, वेठबिगार, कोठडीतील माणसे, महापूर, दुष्काळ, भूकंप, जातीय अत्याचार किंवा औद्योगिक दुर्घटना यांचे बळी, एवढ्यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. याच यादीत आणखी एक शब्द आहे: औद्योगिक कामगार. कारखान्यातला कामगार, मग त्याचा पगार कितीही असो, केवळ कामगार म्हणून या मदतीला पात्र आहे. हे कलम कारखान्याच्या फाटकावरील फलकावर कधी दिसत नाही. समन्सच्या कागदावर ते ठळकपणे छापले तर सरकारचा शाईशिवाय कोणता खर्च वाढणार आहे?

त्याच कायद्याने पुढच्याच कलमात एक पाचरही मारून ठेवली आहे. अर्जदाराच्या प्रकरणात सकृद्दर्शनी तथ्य आहे असे प्राधिकरणाला वाटले पाहिजे, तरच मदत. श्रीमंत माणूस कितीही खोटा दावा घेऊन आला तरी त्याच्या वकिलाला फी घेण्यापूर्वी कोणा समितीची परवानगी लागत नाही. आपली बाजू मांडायला वकील मिळावा म्हणून आधी वकिलावाचून आपली बाजू पटवून देण्याची कसरत फक्त गरिबाच्या वाट्याला! दिवाणी प्रक्रिया संहितेची कथाही निराळी नाही. कोर्ट फी भरू न शकणाऱ्याला १९७६ पूर्वी त्या संहितेत ‘पॉपर’, म्हणजे कंगाल, म्हणत; त्या वर्षी शब्द बदलून ‘निर्धन व्यक्ती’ केला. पण जिथे फी ठरलेली नाही तिथे निर्धनतेची मर्यादा एक हजार रुपयांची मालमत्ता एवढीच आहे. कंगालाचे नाव सुधारले, त्याची चौकट तीच.

याउलट लोकअदालतीसाठी मात्र यंत्रणा कंबर कसून उभी असते. एका दिवसात किती प्रकरणे निकाली निघाली याचे आकडे वर्तमानपत्रांना आवर्जून दिले जातात. तडजोड ही वाईट गोष्ट नाही. बरोबरीच्या दोन पक्षांत ती झाली तर वेळ आणि पैसा वाचतो, कोर्ट फीही परत मिळते. पण एका बाजूला विमा कंपनीचा किंवा बँकेचा पगारी वकील आणि दुसऱ्या बाजूला अपघातात नवरा गेलेली बाई, यांच्यात ‘घ्या आणि मोकळ्या व्हा’ अशा सल्ल्याने जी होते तिला तडजोड हे नाव शोभत नाही. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही, हे सही करण्यापूर्वी तिला कोणी समजावून सांगत नाही. २००८ साली पंजाबमधील जालोर सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेच नापसंती नोंदवली की अनेक न्यायाधीश लोकअदालतीत बसले तरी न्यायाधीशासारखेच वागतात आणि आपले मत पक्षकारांवर लादतात. २००२ च्या दुरुस्तीने आलेल्या कायम लोकअदालती तर त्याच्याही पुढे गेल्या: वाहतूक, टपाल, वीज, पाणी, विमा अशा सेवांच्या तंट्यात तडजोड जमली नाही तरी त्यांना थेट निकाल देण्याचा अधिकार मिळाला. निकाली काढण्याची घाई आणि न्याय देणे यांतला फरक पुसून टाकण्याचाच हा उद्योग आहे.

सोबत्याला दार बंद

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. वकील नाही, मग गावातला शिकलेला माणूस, युनियनचा चिटणीस, महिला संघटनेची कार्यकर्ती यांनी त्या एकट्या माणसाबरोबर उभे राहावे की नाही?

१९६१ च्या ॲडव्होकेट्स कायद्याने वकिलीची मक्तेदारी सनदी वकिलांकडे दिली. पक्षकाराला स्वतः बोलण्याचा हक्क आहे, पण त्याच्यातर्फे दुसऱ्या कोणी बोलायचे तर कलम ३२ प्रमाणे त्या त्या प्रकरणापुरती न्यायालयाची परवानगी हवी. १९७८ साली हरिशंकर रस्तोगी प्रकरणात न्या. कृष्ण अय्यर यांनी हीच रेघ ओढली: सनद नसलेल्याला हक्क म्हणून उभे राहता येणार नाही, परवानगी मिळाली तरच, आणि दिलेली परवानगी काढूनही घेता येईल. दार किलकिले राहिले, पण कडी न्यायाधीशाच्या हातात.

१९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तरी ‘प्लीडर’ या शब्दाच्या व्याख्येतच न्यायालयाच्या परवानगीने नेमलेल्या अन्य व्यक्तीचा समावेश होता. वसाहतवादाच्या खुणा पुसण्याचा गाजावाजा करून १ जुलै २०२४ पासून जी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिच्यात ही व्याख्याच गाळली गेली आणि ठिकठिकाणी ‘ॲडव्होकेट’ हा एकच शब्द बसवला गेला. पोलिस कोठडीचे नियम सैल करणाऱ्या या संहितेने आरोपीच्या सोबत्याची व्याख्येतली हक्काची जागा काढून घेतली, यावर फारसा कोणी आवाजही उठवला नाही. वसाहतवाद्यांच्या स्वतःच्या देशात काय चालते? इंग्लंडमध्ये १९७० साली अपील न्यायालयाने मॅकेन्झी नावाच्या पक्षकाराच्या घटस्फोटाच्या खटल्यात मान्य केले की वकील नसलेल्या माणसाच्या शेजारी बसून टिपणे घेणारा, हळू आवाजात सल्ला देणारा सोबती असू शकतो. तिथे त्याला ‘मॅकेन्झी मित्र’ म्हणतात. सोबती भाषण करत नाही, सनदी वकिलाच्या पोटावर पाय देत नाही. तो फक्त माणसाला एकटे पडू देत नाही. भारतात एवढाही हक्क कोणत्या कायद्यात लिहिलेला नाही.

उलट स्वतः बोलू पाहणाऱ्याचीच परीक्षा घेतली जाते. मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ साली नियम केले: स्वतः प्रकरण चालवू इच्छिणाऱ्याने आधी निबंधक कार्यालयातील अधिकाऱ्यांच्या समितीपुढे जायचे आणि न्यायालयाला साह्य करण्याची कुवत आपल्यात आहे हे दाखवायचे. वेळकाढू पक्षकारांचा त्रास न्यायाधीशांना होत असेल हे खरे. पण तारखांवर तारखा घेणाऱ्या आणि कागद न वाचता उभ्या राहणाऱ्या सनदी वकिलांसाठी अशी चाळणी कधी कोणी सुचवलेली नाही.

जिथे श्रमिकांच्या चळवळीचा दाब होता तिथे कायद्याला वेगळी वाट द्यावी लागली. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने युनियनच्या पदाधिकाऱ्याला कामगारातर्फे उभे राहण्याचा हक्क दिला. समेटाच्या कामात वकिलाला बंदी घातली. आणि न्यायाधिकरणापुढे वकील आणायचा तर दुसऱ्या पक्षाची संमती आणि न्यायाधिकरणाची परवानगी आवश्यक ठरवली. कायद्याच्या बाजारात पैशाचे पारडे जड होते, हे त्यात कायद्यानेच कबूल केले होते. पिढ्यान्‌पिढ्या गिरणी, बंदर आणि रेल्वे कामगारांचे खटले युनियनच्या बिनसनदी कार्यकर्त्यांनी चालवले, आणि त्यांतले कित्येक जण मालकांच्या बॅरिस्टरांना भारी पडले. १९३६ च्या वेतनप्रदान कायद्यानेही युनियनच्या पदाधिकाऱ्याला थकलेल्या पगाराचा अर्ज कामगारातर्फे करू दिला. ग्राहक मंचांपुढे बिनसनदी प्रतिनिधी चालेल असा निर्वाळा मुंबईतून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली दिला. तेव्हा सनद नसलेल्या माणसाने कोर्ट कोसळते ही वकील संघांची ओरड अनुभवाला धरून नाही.

अर्थात मालकवर्गाने या वाटेतही खड्डे खणले. पारादीप पोर्ट ट्रस्ट प्रकरणात १९७६ साली असे ठरले की वकील हा मालकांच्या संघाचा पदाधिकारी असेल तर त्याला वकील म्हणून अडवता येणार नाही. म्हणजे वकिलाच्या अंगावर पदाधिकाऱ्याची शाल टाकली की काम झाले. मुंबई बंदराच्या एका कर्मचाऱ्याविरुद्ध खात्याच्या चौकशीत प्रशासनाने कायदा शिकलेले अधिकारी उभे केले आणि त्याने वकील मागितला तेव्हा नाही म्हटले. १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने ही विषमता नैसर्गिक न्यायाला सोडून असल्याचे सांगितले. आणि मुंबई औद्योगिक संबंध कायद्याची कथा तर प्रत्येक गिरणी कामगाराच्या घरात ठाऊक आहे. १९४६ च्या त्या कायद्याने एकाच ‘प्रातिनिधिक’ युनियनला कामगारांतर्फे बोलण्याचा मक्ता दिला. ती युनियन उभी राहिली की खुद्द कामगारालाही स्वतःच्या प्रकरणात बोलता येत नाही, मग ती युनियन अप्रामाणिकपणे वागली तरीही, असे १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने गिरिजाशंकर काशीराम प्रकरणात ठरवले. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात अडीच लाख गिरणी कामगार उतरले तेव्हा हा कायदा रद्द करा ही मागणी पगारवाढीच्या बरोबरीने का होती, याचे उत्तर या निकालात आहे. प्रतिनिधी लादणे आणि प्रतिनिधी नाकारणे, दोन्हींचा परिणाम एकच: कामगाराचे तोंड बंद.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत युनियनच्या पदाधिकाऱ्याचा उभे राहण्याचा हक्क शब्दरूपाने शिल्लक आहे. पण कामगार न्यायालयांऐवजी ज्या न्यायाधिकरणांची तरतूद तिच्यात आहे, त्यांत एक सदस्य प्रशासनातून आलेला असणार. हक्क टिकवायचा तर तो रोज वापरावा लागेल.

दोन चुकीच्या भूमिका

या प्रश्नावर चळवळीतही दोन घातक समजुती आढळतात. एक अशी: कोर्ट ही सत्ताधारी वर्गाची संस्था, तिथे वेळ घालवणे म्हणजे जनतेत भ्रम पसरवणे. कोर्टाचे वर्गस्वरूप कॉ. नंबुद्रिपाद यांच्याइतके स्पष्ट कोणी सांगितले नाही. १९६७ साली मुख्यमंत्री असताना ते म्हणाले की पुराव्याची पारडी समतोल असली तर नीटनेटक्या पोशाखातील सुखवस्तू माणसाकडे न्यायाधीशाचा कल जातो, फाटक्या वेषातील निरक्षराकडे नाही. त्याबद्दल त्यांना न्यायालयाच्या बेअदबीची शिक्षा झाली. १९७० साली सर्वोच्च न्यायालयाने दोषी कायम ठेवून दंड हजारावरून पन्नास रुपयांवर आणला. पण फाटक्या वेषातील तो निरक्षर माणूस उद्या अकरा वाजता त्याच न्यायाधीशापुढे उभा राहणारच आहे. कोर्ट कोणत्या वर्गाचे आहे हे ठाऊक असणाऱ्यांनीच त्याला तिथे एकटे सोडायचे, हा कोणता मार्क्सवाद?

न्यायालयाचा कठडा क्रांतिकारकांनी कधी टाकाऊ मानला नाही. १९०८ साली लोकमान्य टिळकांनी राजद्रोहाच्या खटल्यात वकील न देता स्वतः आपला बचाव केला. ज्युरीत सात युरोपियन आणि दोन हिंदी. सातांनी दोषी म्हटले, दोघांनी निर्दोष. सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा मुंबईच्या कामगारांनी सहा दिवस संप केला आणि लेनिननेही त्याची दखल घेतली. मीरत कटाच्या खटल्यात डांगे, घाटे, मिरजकर, अधिकारी आदी कॉम्रेडांनी आरोपीच्या कठड्यातूनच साम्राज्यशाहीला जाब विचारला. मात्र एक गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. टिळक स्वतः कायद्याचे पदवीधर होते, कायद्याचे वर्ग त्यांनी चालवले होते. मीरतच्या आरोपींमागे बचाव समिती होती, देशभरातून जमवलेला निधी होता. कोणीही पूर्णपणे एकटा नव्हता. आज चेकच्या खटल्यात उभ्या असलेल्या रिक्षाचालकाला त्यांचे उदाहरण सांगून धीर देणे ही थट्टा ठरेल, जर त्याच्यामागे कोणी उभे राहणार नसेल.

दुसरी समजूत पहिलीच्या उलट आणि अधिक पसरलेली. प्रकरण कोर्टात गेले की ते वकिलाचे झाले, युनियनचे काम संपले! कागद वकिलाकडे, तारीख वकिलाकडे, तडजोडीचा निर्णयही वकिलाकडे. कामगार विचारायला आला की ‘वकीलसाहेबांना विचारा’. चळवळीशी इमान राखून तुटपुंज्या मोबदल्यात आयुष्य घालवलेले वकील कॉम्रेड देशभर आहेत आणि त्यांचे ऋण मोठे आहे. पण त्यांच्यावर सारा भार टाकून शाखांनी हात झटकावेत हे त्यांच्यावरही अन्याय करणारे आहे.

शाखांपुढील काम

तालुक्याच्या गावी जिथे पक्षाचे, युनियनचे वा किसान सभेचे कार्यालय आहे, तिथे आठवड्यातून ठरलेल्या एका संध्याकाळी नोटीस-समन्स वाचून देणारा एक तरी सभासद बसला पाहिजे. त्याला सनद नको. कागद कोणत्या तारखेला हातात पडला ते मागच्या बाजूला लिहिणे, त्याची नक्कल ठेवणे, उत्तराची मुदत मोजणे, तालुका विधी सेवा समितीकडे वकिलासाठी लेखी अर्ज करून पोच घेणे, ही कामे त्याने करायची. लिहिता न येणाऱ्याचा अर्ज त्याच्या तोंडून लिहून घेण्याचे बंधन त्या कार्यालयावर आहे. नेमून दिलेल्या वकिलाने पक्षकाराकडे पैसे मागितले तर त्याची तक्रार त्याच कार्यालयात करता येते, आणि ती संघटनेच्या कागदावर झाली तर दाबली जाणे अवघड होते. १५१०० हा विधी सेवेचा दूरध्वनी क्रमांक वस्त्यांच्या भिंतींवर रंगवायला फार खर्च येत नाही.

तारखेच्या दिवशी पक्षकाराबरोबर कोर्टात कोणीतरी जायचे. न्यायाधीशाने बोलू दिले नाही तरी खुल्या न्यायालयात मागच्या बाकावर बसण्यापासून कोणी अडवू शकत नाही. जिथे प्रकरण साधे आहे तिथे कलम ३२ खाली परवानगीचा लेखी अर्ज द्यायचा. नामंजूर झाला तर नामंजुरीही लेखी मागायची. असे शेकडो नामंजूर अर्ज जमले म्हणजे कायदा बदलण्याच्या मागणीला पुरावा मिळेल.

भाषेचा प्रश्न महाराष्ट्राबाहेरील मराठी सभासदांना विशेष जाणवणारा आहे. महाराष्ट्रात १९९८ सालापासून खालच्या न्यायालयांची भाषा मराठी आहे, निदान अधिसूचनेत. बेळगाव, सुरत, इंदूर वा हैदराबाद इथे मराठी मजुराच्या हाती पडणारा कागद मराठीत नसतो. आणि पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर राबणाऱ्या बिहारी, तेलुगू, ओडिया मजुराची स्थिती नेमकी तीच, फक्त उलटी. समन्सबरोबर त्या माणसाच्या भाषेत, कलम १२ चा हक्क आणि उत्तराची मुदत सांगणारा एक पानी मजकूर देणे सक्तीचे करावे. वकील नसलेल्या पक्षकाराला सोबती ठेवण्याचा हक्क कायद्यात लिहावा. घर, पगार आणि कर्ज या तीन प्रकारच्या प्रकरणांत नोंदणीकृत युनियन वा किसान-शेतमजूर संघटनेच्या पदाधिकाऱ्याला हक्काने उभे राहू द्यावे. आणि नव्या फौजदारी संहितेने गाळलेली व्याख्या परत आणावी. या मागण्या विधिमंडळांत, संसदेत आणि जिल्हा न्यायाधीशांना द्यावयाच्या निवेदनांत एकाच वेळी गेल्या पाहिजेत. येत्या ९ नोव्हेंबरला ज्या आवारांत मांडव पडतील, तिथे ही निवेदने घेऊन, समन्स आलेल्या माणसांना बरोबर घेऊन, शाखांनी हजर राहावे.